दणक्याचा उजवा कान

गल्लीत आरडाओरडा झाला की खिडकीत येण्याआधी लोक एकच प्रश्न विचारत, "दणक्या आहे का?" असला, तर गॅस बंद करून बघायला यावं असं काहीतरी होणार. नसला, तर नुसती शिवीगाळ. ती काय, घरातही ऐकायला मिळते.

दणक्याला दुसरं नाव होतं, पण ते फक्त बायकोला ठाऊक होतं आणि ती 'अहो'च्या पलीकडे कधी गेली नाही. त्यामुळे पन्नाशी आली तरी ते नाव कोरं करकरीत राहिलं होतं. धंदा लाउडस्पीकर दुरुस्तीचा. तळमजल्यावर पुढे दुकान, मागे दोन खोल्या. दुकानात छतापर्यंत स्पीकर रचलेले, कुणाचा कागदी कोन फाटलेला, कुणाची तार जळलेली, कुणाचा नुसताच घसा बसलेला. ज्या बोटांनी दणक्या केसासारखी तांब्याची तार एकावर एक न चढू देता गुंडाळायचा, तीच बोटं मिटली की समोरच्याचं नाक जागेवर राहत नसे. कारण मोठं लागायचं नाही. कुणी नवा कोन बोटाने दाबून बघितला, की एक. कुणी दुरुस्त करून नेलेला स्पीकर पहिल्याच दिवशी बटण शेवटपर्यंत पिळून जाळून आणला, की दोन. वर "तुमचंच काम कच्चं" म्हणाला, की मग मोजायचं कुणी. एका गिऱ्हाइकाला त्याने दुकानाच्या काचेतून बाहेर काढलं होतं. दार उघडंच होतं. "घाईत होतो," असं त्याने नंतर सांगितलं.

बायकोवर मात्र त्याचा हात कधी उठला नाही. हा त्याचा चांगुलपणाच. पण तिच्या हातात कायम काहीतरी असायचं, हेही खरं.

या हाणामारीत त्याचा एक कान केव्हाच कामातून गेला होता. तरुणपणी तो एका थिएटरात पडद्यामागे स्पीकर बसवायला गेला होता. खेळ सुरू झाला, पडद्यावरची माणसं तोंडं हलवू लागली आणि आवाज काही येईना. तार उंदराने कुरतडली होती. प्रेक्षकांनी उंदराला न शोधता दणक्याला शोधलं. त्याने शिडीला पाठ लावून पाच-सहा जणांना आडवं केलं. मग कुणीतरी लोखंडी खुर्ची घडी घालून त्याच्या डाव्या कानावर आणली. त्या कानातून रक्त आलं आणि त्यानंतर त्यात काहीच गेलं नाही. कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा गेला. आता उजव्याला जपा. त्याच्यावर असाच एक बसला, तर दुरुस्त केलेला स्पीकर वाजतोय की नाही, हे तुम्हाला शेजाऱ्याला विचारावं लागेल."

तेव्हापासून गल्लीत एक नियम पडून गेला. दणक्याला मारायचं ते डाव्या बाजूला. उजव्या हाताचा माणूस समोरून मारतो तेव्हा तसंही ते डाव्या गालावरच बसतं, त्यामुळे नियम पाळायला फार कष्ट नव्हते. पण एकदा दणक्या जमिनीवर आणि समोरचा सलूनवाला त्याच्या छातीवर, असा प्रसंग आला. सलूनवाल्याने उलटा हात उगारला, तो मध्येच थांबवला, "मान फिरव, मान फिरव," म्हणाला, आणि दणक्याने मान फिरवल्यावरच हाणला. गल्लीतले सगळे रेडिओ आणि टीव्ही त्या एका कानाच्या जिवावर चालत होते. तो फुटला असता तर पंचाईत सगळ्यांचीच होती.

बायकोने तर त्या कानाची राखणच पत्करली होती. रस्त्याने ती त्याच्या उजवीकडून चालायची. भांडण पेटलं की हातात असेल ते घेऊन त्याच्या उजवीकडे येऊन उभी राहायची. सोडवायला नव्हे. डावीकडे काय ते चालू द्या, असा तिचा एकूण पवित्रा.

अशा माणसाने स्वतःसाठी स्पीकरची जोडी बनवायला घेतली, तेव्हा गल्लीला हसू आवरेना. शेजारचा टेलर म्हणाला, "कान एक आणि स्पीकर दोन?"

"दुसरा हिच्यासाठी," दणक्या म्हणाला. "हिचे दोन्ही शाबूत आहेत." आणि टेलरचीच लाकडी पट्टी टेलरच्या पाठीवर मोडली.

जन्मभर दुसऱ्यांचे फाटके आवाज सांधून झाले होते. हा कान आहे तोवर आपल्या हातचा आवाज आपल्या घरात घुमावा, एवढंच त्याच्या मनात होतं. तार त्याने स्वतः गुंडाळली, कोन स्वतः चिकटवले, जाड लाकडाच्या पेट्या रंधा मारून मारून तुळतुळीत केल्या. जोडी पहिल्यांदा वाजवली तेव्हा बायको पदराला हात पुसत बाहेर आली.

"याला सर्दी झालीय का हो?"

खरंच तसंच वाटत होतं. ढोलावर काठी पडायची ती पत्र्याच्या डब्यावर पडल्यासारखी. गाणारा माणूस कडक कॉलरच्या शर्टात अडकलेला, मान हलवायची सोय नाही. पण दणक्याला त्याचं नवल नव्हतं. नव्या कोनाची कड ताठ असते, मागची चुणीदार कापडी चकतीही ताठ. चार दिवस कोन आतबाहेर धडपडला की ती सैल पडतात, आणि मग खालचा खर्ज मोकळा होतो. नवी चप्पल रुळते तसंच.

सलूनवाला गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावून तसाच ऐकायला आला होता. तो म्हणाला, "उगाच काहीतरी. स्पीकर नाही रुळत, तुझा कान रुळतो. चार दिवस ऐकलं की वाईट पण बरं वाटायला लागतं. माझा संसार बघ."

दणक्याने त्याला उचलून त्याच्याच सलूनच्या पायरीवर आपटला. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी पळून गेलं.

त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावर नवा भाडेकरू आला. जुन्या इमारती पाडण्याचं त्याचं काम. रस्ते मोकळे असतात म्हणून पाडकाम रात्री चाले, आणि हा दिवसा झोपे. भिंती फोडायचा घण त्याचा स्वतःचा होता; तो तेवढा साइटवर न ठेवता खांद्यावर टाकून घरी आणायचा. गल्लीने लगेच त्याचा घणवाला करून टाकला. सामान चढवून झाल्यावर दणक्याच्या बायकोने त्याला चहा दिला आणि परत आली ती चेहरा पाडून.

"अहो, तो डावखुरा आहे."

दणक्याचा डिंकाचा ब्रश हवेतच राहिला. डावखुऱ्या माणसाचा ठोसा समोरून येतो तो सरळ उजव्या कानावर.

"कप डाव्या हातात धरला," ती म्हणाली. "कुलूप डाव्या हाताने उघडलं. घण तर विचारूच नका. आणि आपल्या गल्लीतलं त्याला काही माहीत नाही. याच्याशी भांडायचं नाही. बाकी सगळी गल्ली पडलीय तुम्हाला."

"बरं."

"बरं नाही. शपथ घ्या."

दणक्याने शपथ घेतली, आणि ती पाळता यावी म्हणून डोकंही चालवलं. दिवसा स्पीकर धडाडले तर वरचा खाली येणार. म्हणून त्याने दोन्ही पेट्या तोंडाला तोंड लावून उभ्या केल्या आणि एका स्पीकरच्या तारा मुद्दाम उलट्या जोडल्या, लाल तार काळ्या जागी, काळी लाल जागी. आता एक कोन पुढे ढकलायचा तेव्हा दुसरा मागे ओढायचा, आणि दोघांचा आवाज एकमेकांच्या तोंडात गडप व्हायचा. वरून गोधडी. आत बँडची टेप दणादण चाललेली, कोन धपापताहेत, आणि बाहेर मात्र बंद दाराआड नवरा-बायको भांडताहेत एवढीच कुजबुज.

पुढचे काही दिवस गल्लीला दणक्याची काळजी वाटू लागली. वरून घणवाला ओरडे, "खाली काय ठोकाठोक चाललीय?" आणि दणक्या म्हणे, "चुकलं भाऊ, बंद करतो." घणवाल्याने एकदा जाता जाता दुकानाची पाटी लाथेने पाडली, दणक्याने ती मुकाट्याने पुन्हा टांगली. टेलरने दणक्याच्या बायकोला हळूच विचारलं, "वहिनी, त्याला डॉक्टरकडे नेलं का?" वर गिळलेलं सगळं अर्थात खाली निघत होतं. त्या दिवसांत सलूनचे दोन आरसे फुटले, टेलरचं बाकडं मोडलं, आणि पोस्टमनने तर दुकानात यायचं सोडून लांबूनच पत्र फेकायला सुरुवात केली.

हे असं निभावलं असतं. पण बायकोचा भाऊ राहायला आला.

त्याला घरात सगळे ओळंबा म्हणत. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला वजन बांधलेला दोरा सोडतात, तो ओळंबा. या चाळिशीच्या गृहस्थाला जगात काही वाकडं खपत नसे. भिंतीवरचं कॅलेंडर, पावाचा काप, समोरच्याची कॉलर, जे दिसेल ते सरळ करायचा. त्याची बायको माहेरी गेली होती. का, ते कुणी विचारलं नव्हतं.

त्या दुपारी दणक्या डिंक आणायला कोपऱ्यापर्यंत गेला होता. ओळंब्याची ताई स्वयंपाकघरात. ओळंब्याने दुकानातले स्क्रू मापाप्रमाणे लावून ठेवले, मग गोधडीची घडी घालावी म्हणून ती उचलली, आणि त्याला धक्काच बसला. दोन सुंदर पेट्या एकमेकींच्या तोंडात तोंड घालून उभ्या, आणि एकीची लाल तार काळ्या जागी. भाऊजींचं वय झालं, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला वाईट वाटलं. त्याने अगदी मायेने तारा सरळ केल्या, पेट्या रस्त्याकडे तोंड करून ओळीत मांडल्या, आणि टेप पुन्हा चालू केली.

दणक्या रस्त्याच्या मधोमध होता. आधी पायाखाली काहीतरी हललं. मग ढोल आला, जाडजूड, गरम, पोटात शिरून बसणारा. त्यावर पितळी वाद्यं, आणि त्यांच्या मागे श्वास घेणारा एक मोठा रिकामा अवकाश. सर्दी गेली होती. कॉलरचं बटण सुटलं होतं. रिक्षावाल्याने मागून शिवी दिली तरी दणक्या हलला नाही. रिक्षावाल्यालाही शिवी देऊन मार न खाण्याचा हा पहिलाच अनुभव होता.

मग जिन्यावर धाड धाड पावलं वाजली.

दणक्या दुकानात शिरला तेव्हा घणवाला बनियनवर उभा होता, डोळे लालभडक, डाव्या हातात घण. पहिल्या घावात काउंटरची काच गेली. दुसऱ्यात फळी गेली आणि डझनभर स्पीकर गडगडत खाली आले. ओळंबा त्याला समजावून सांगत होता, "हे बघा, तार उलटी होती, मी फक्त सरळ केली." घणवाल्याने रिकाम्या हाताने त्याच्या तोंडावर एक दिली. ओळंब्याचा पुढचा दात उडून डिंकाच्या जुन्या डब्यात पडला आणि तिथेच चिकटला.

"बंद कर ते," घणवाला दणक्यावर गरजला.

दणक्याला शपथ आठवत होती. त्याने हात जोडले. "भाऊ, बंद करतो. फक्त एवढं गाणं संपू दे."

हे त्याने खरोखर नम्रपणे म्हटलं होतं. पण तीन दिवस न झोपलेल्या माणसाला ते तसं ऐकू गेलं नाही. घणवाल्याने घण डोक्यावर नेला आणि जवळच्या पेटीचा नेम धरला. शपथ तिथे संपली. दणक्याने मान खाली घालून बैलासारखी धडक मारली. घण निसटला तो घणवाल्याच्याच पायावर. आतलं काहीतरी कडकन मोडल्याचं बँडच्या आवाजातही कळलं. दोघे काचांवर लोळले. दणक्याने त्याचा गळा आवळला, त्याने दणक्याच्या बरगडीत गुडघा घातला. दणक्याची भुवई फाटली, घणवाल्याचा ओठ. उठले, पुन्हा भिडले. डावा हात उगारला गेला आणि टण्ण झालं. बायको आली होती. कुकरचं झाकण ढालीसारखं धरून ती नवऱ्याच्या उजव्या कानाशी उभी होती.

"मारा काय मारायचं ते," ती घणवाल्याला म्हणाली. "पण भाऊ, त्या बाजूने."

घणवाल्याला काही उमजलं नाही. त्याने पुन्हा मारलं, पुन्हा टण्ण. झाकणाला पोचा आला आणि त्याची बोटं सोलली. तिसऱ्यांदा टण्ण झाल्यावर तो पिसाळला. "थांब, आधी याचंच तोंड फोडतो," म्हणून वळला आणि सगळं अंग मागे नेऊन डावी मूठ स्पीकरच्या कोनावर सोडली. कागदच तो. आरपार गेली असती.

दणक्या झाकणाआडून निसटला आणि त्याने आपलं डोकं मध्ये घातलं.

विचार करायला वेळ असता तर कदाचित पाठ घातली असती, खांदा घातला असता. पण डोकंच जवळ होतं, आणि उजवी बाजू वर होती. ठोसा बरोब्बर कानावर बसला. आत काहीतरी टर्रकन फाटलं. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. रोज दुकानात तेच फाटकं येत असे. आणि मग ढोल थांबला, पितळी वाद्यं थांबली, सगळंच थांबलं.

तो जमिनीवर बसला होता. समोर कोन आतबाहेर हलत होता. म्हणजे टेप चालूच होती. पण ती दुसऱ्यांसाठी.

त्याला दिसलं ते असं. सलूनवाला दारात उभा होता, त्याची नजर दणक्याच्या उजव्या कानातून आलेल्या रक्तावर गेली, आणि त्याचं तोंड उघडलं. मग तो आत घुसला. मागून टेलर, हातात इस्त्री. मागून रिक्षावाला, आणि पोस्टमनसुद्धा. त्यांनी घणवाल्याला भिंतीशी घेतला आणि काही विचारायच्या भानगडीत न पडता तुडवला. टेलरने गरम इस्त्री त्याच्या दंडावर टेकवली. घणवाल्याचं तोंड काहीतरी विचारत होतं, बहुधा 'मी एकच तर मारला' असं. ओळंबा बाजूला उभा राहून फळीवरून पडलेले स्पीकर ओळीत लावत होता. आयुष्यात पहिल्यांदाच दणक्या मारामारी नुसती बघत होता, आणि आवाजाशिवाय ती फारच मूर्खपणाची दिसते, असं त्याला वाटून गेलं.

बायकोने झाकण आपटून सगळ्यांना थांबवलं असावं, कारण ते थांबले. ती त्याच्याजवळ येऊन बसली. तिचे ओठ हलत होते. त्याने तिचा हात धरला आणि कोनावर ठेवला. "मोकळा झाला बघ," तो म्हणाला. त्याला स्वतःचंही ऐकू आलं नाही, म्हणून तो फार मोठ्याने म्हणाला असावा. सगळी गल्ली दचकली, आणि ती रडायला लागली.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी आत बघितलं, मान हलवली, आणि रक्त पुसून काढलं. मग त्यांनी एक पातळसर कागद घेतला, नखाएवढा गोल कापला आणि चिमट्यात धरला. दणक्याचे डोळे विस्फारले. फाटलेल्या कोनाला तो स्वतः हेच करत आला होता, पातळ कागदाचं ठिगळ.

"कागद?" तो इतक्या जोरात ओरडला की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले.

बाईंनी मान डोलावली. मग हाताने खुणा केल्या. हा लावला की त्याच्या आधाराने पडदा भरून येतो. बहुतेक वेळा. दणक्याने 'बहुतेक'ची खूण नीट बघितली, आणि विचारलं, "डिंक कुठला वापरता?"

आणि मग वाट बघणं आलं. दुकान बंद. दणक्या पेट्यांसमोर स्टुलावर बसून राही, तळवा कोनावर ठेवून. कुणाशी भांडण नाही, कारण कोण काय बोललं तेच कळत नव्हतं. गल्ली सुनी झाली. घणवाला पायाला प्लास्टर घालून, काठी टेकत एकदा दारात आला. नियम त्याला आता सगळ्यांनी मिळून, एकेक फटक्यानिशी समजावला होता. तो खाली मान घालून म्हणाला, "वहिनी, कुणी आधी सांगितलं असतं तर मी उजव्या हाताने मारलं असतं." ते मनापासून होतं. दणक्याने ओठांवरून काही ओळखलं नाही, पण चेहऱ्यावरून ओळखलं. त्याने घणवाल्याला जवळ बोलावलं, उजव्या पंजाने त्याच्या डाव्या कानशिलात एक सणसणीत ठेवून दिली, आणि बसायला स्टूल दिलं. दोघांनाही बरं वाटलं.

एका सकाळी कानात काहीतरी आलं. बारीक, कोरडं, पत्र्याच्या डब्यातून यावं तसं. बायको भांडी घासत होती. दुसऱ्या दिवशी तिचा आवाज आला, चिमटा लावलेल्या नाकातून बोलल्यासारखा. दणक्याने स्पीकर लावले; पुन्हा तीच सर्दी, तोच अडकलेला गाणारा. स्पीकर मोकळे झाले होते आणि आता कान कोरा होता. कड ताठ, ठिगळ ताठ.

सलूनवाल्याला हे कळलं तेव्हा तो समोर येऊन बसला आणि एकेक शब्द तोंड वासून, दणक्याला दिसेल असा बोलला. "मी म्हणत नव्हतो? स्पीकर नाही, कान रुळतो."

दणक्याचा हात वर गेला. पण सलूनवाल्याच्या उजव्या डोळ्याभोवती अजून काळंनिळं होतं, आणि ते घणवाल्याच्या मारामारीत, आपल्यासाठी खाल्लेलं होतं. हे दणक्याला आठवलं. म्हणून त्याने डाव्या डोळ्यावर मारलं. बेताने.

कान रुळवायचं काम बायकोने अंगावर घेतलं. ती दिवसभर उजवीकडे बसून बोलायची. लग्नापासून राहून गेलेलं सगळं बोलून घेतलं, सासूबद्दलचं, थिएटरबद्दलचं, काचेतून बाहेर काढलेल्या गिऱ्हाइकाबद्दलचं. तो "काय?" म्हणायचा, की ती पुन्हा पहिल्यापासून. तिचा आवाज रोज थोडा सैल पडत होता, की त्याचा पडदा, हे सांगणं कठीण होतं. पण किती रुळेल, कुठे थांबेल, हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि बोलता बोलता ती त्याच्या तोंडाकडे बघायची ते त्यासाठीच.

मग एका संध्याकाळी, प्लास्टर निघालेला घणवाला कामावर गेल्यावर, दणक्याने पेट्या रस्त्याकडे वळवून टेप लावली. ढोल कुठवर पोटात उतरतो ते बघत तो स्टुलावर बसला होता. बायको आत कांदा चिरत होती. पोचा आलेलं कुकरचं झाकण काही केल्या बसत नव्हतं, आणि ती स्वतःशीच पुटपुटली, "काय माणूस माझ्या वाट्याला आला. डोक्याने अर्धा आणि कानाने पाव."

"पाव नाही," बाहेरून बँडच्या गदारोळातून दणक्याचा आवाज आला. "कानाने अर्धा."

सुरी थांबली. ती तशीच बाहेर आली, हातात झाकण घेऊन. मग तिने ते झाकण त्याच्या अंगावर फेकून मारलं. डावीकडून.